रंग जाऊ द्या, गंज नको



नवी गाडी दारात आली की आपण काय काय करतो ते एकदा आठवून पाहा. झेंडूचा हार घालतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, नारळ वाढवतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पुढच्या काचेपाशी विठ्ठल-रखुमाईची चिमुकली मूर्ती बसते, आरशाला तुळशीची माळ लागते. सीटवरचे प्लास्टिक काढायचे की राहू द्यायचे, यावर घरात आठवडाभर चर्चा चालते. शेजारचे पोर हात लावायला आले की आपण हसून, पण जरा घाईनेच, त्याला बाजूला घेतो. आणि मग एक दिवस समोरच्या गाडीच्या चाकाखालून खडा उडतो आणि बॉनेटवर आदळतो. टक्! एवढाच आवाज. पण तो पत्र्यावर कमी आणि आपल्या छातीत जास्त वाजतो.

त्या आवाजाविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

आपण म्हणाल, वारकऱ्यांच्या मासिकात गाडीच्या रंगाचे काय काम? पण आपल्या संतमंडळींनी आपापल्या कामाला कधी परमार्थाच्या बाहेर बसवले नाही. गोरोबाकाकांचे मडके, सावतोबांचा मळा, नरहरी सोनारांची हातोडी, सेना महाराजांचा आरसा, हे सगळे आपल्या संप्रदायात देवघराइतकेच जवळचे आहे. जे रोज हातात आहे त्यातूनच त्यांना देव सापडला. आज आपल्या हातात मडके नाही, गाडीचे स्टिअरिंग आहे. मग शिकायचे तर तिथूनच शिकले पाहिजे.

आमच्या घरी गेल्या दसऱ्याला गाडी आली ती हौस म्हणून नव्हे. आमच्या सौ.ने संत निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीबरोबर चौदा वर्षे पायी वारी केली. त्र्यंबकेश्वराहून ज्येष्ठात निघायचे, सातपूर, नाशिक, पळसे, सिन्नर, नगर, करमाळा करीत आषाढीला पंढरीत पोचायचे. डोक्यावर तुळस नसेल तर खांद्यावर पिशवी, मुखात हरिपाठ. पंधराव्या वर्षी गुडघ्यांनी नकार दिला. डॉक्टर म्हणाले, वंगण संपले आहे, आता मैलोन्‌मैल चालणे विसरा. त्या वर्षी पालखी नाशकातून गेली तेव्हा ती रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होती. पालखी पुढे गेली, शेवटची दिंडी गेली, झाडूवाले आले, तरी ती उठली नाही. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे तपासणी खात्यात काम केले. निवृत्तीचे थोडे पैसे बाजूला होते. त्यातून ही गाडी घेतली, ती एवढ्यासाठी की पायी जमत नाही तर मुक्कामा-मुक्कामाला तरी तिला नेता यावे.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची मोठी यात्रा भरते, हे आपण जाणताच. गर्दीत तिला धक्काबुक्की नको म्हणून आम्ही यात्रा पांगल्यावर दोन दिवसांनी गेलो. समाधीचे दर्शन निवांत झाले. परतताना अंजनेरी मागे पडली आणि आमच्या पुढे खडीने शिगोशिग भरलेला एक डंपर आला. वर ताडपत्री नव्हती. काही कळायच्या आत टक्, टक्, टक्! चार-पाच खडे बसले. डंपर आपल्या वाटेने निघून गेला. त्याला काही झाले आहे याची खबरही नव्हती.

घरी येऊन पाहिले तर बॉनेटच्या पुढच्या कडेला तीन पांढुरके ठिपके, डाव्या दाराच्या खालच्या पट्टीवर एक, आणि बंपरवर दोन. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. शेजाऱ्यांना दाखवले असते तरी दिसले नसते. पण सौ.ला दिसले. तिने पदराने ते पुसायचा प्रयत्न केला. पुसले जाईनात तेव्हा म्हणाली, "माझ्यापायी गेला हो गाडीचा रंग."

मी ते हसण्यावारी नेले. पण पुढच्या एकादशीला काळारामाच्या दर्शनाला जाऊ म्हटले तर ती म्हणाली, "रिक्षाने जाऊ. रस्त्याचे काम चालू आहे, गाडी कशाला खराब करायची?" त्याच्या पुढच्या वेळी म्हणाली, "घरीच हरिपाठ करते. तुम्ही जाऊन या." येत्या २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबक परिसरात जागोजाग रस्ते उकरलेले आणि खडी अंथरलेली. म्हणजे हे असेच चालणार. जिच्यासाठी गाडी घेतली ती गाडीच्या रंगासाठी घरात बसू लागली. माउली, दगडाने पत्र्याला मारलेला टवका मला तेव्हा फार मोठा वाटू लागला.

आता आधी ह्या टवक्याचे शास्त्र समजून घेऊ. तपासणी खात्यात आयुष्य गेल्याने ते मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. उघड्या पोलादी पत्र्याला आधी फॉस्फेटचे पाणी देतात, म्हणजे पुढचा थर धरून बसतो. मग अख्खा सांगाडा रंगाच्या कुंडात बुडवून विजेच्या प्रवाहाने त्यावर एक थर चढवतात. गंजापासून खरे रक्षण करणारा तो हाच, सुमारे २० मायक्रॉनचा. त्यावर प्रायमर. त्यावर आपण ज्याला रंग म्हणतो तो, लाल, पांढरा, निळा. हा बहुधा सगळ्यांत पातळ. आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर, चकाकी देणारा. सगळे थर मिळून भरतात साधारण १०० ते १२० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या रंगासाठी आपण जीव टाकतो, जो पाहून शेजारी वाहवा करतात, त्याची एकूण जाडी दीड केसाची. त्याखाली आहे तो पत्राच.

आणि समोरून येणारा दगड कोणता? आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून लाव्हा उसळला, थरावर थर साचले आणि त्यातून हा दगड झाला. ब्रह्मगिरी त्याचाच. त्र्यंबकेश्वराचे मंदिर त्याच काळ्या दगडाचे, पंचवटीतले काळारामाचे मंदिरही काळ्या पाषाणाचे. आपल्या आजीचे जाते त्याचे, पाटा-वरवंटा त्याचाच. तोच दगड क्रशरमध्ये फोडला की खडी होते आणि डंपरमधून रस्त्यावर पडते. दगड कोणाचा वैरी नाही. पायरी झाला तर त्यावर आपण डोके टेकतो, खडी होऊन उडाला तर शिव्या देतो. जात एकच आहे. फरक पडतो तो त्याला वेग कोणी दिला याने.

वेगाचा हिशोबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो. चाळीसच्या वेगाने जाताना ज्या खड्याने नुसते खरचटले असते, तोच खडा ऐंशीच्या वेगात पत्र्यापर्यंत पोचतो. आणि यातला मोठा वाटा आपल्याच वेगाचा असतो. खडा हवेत उडालेला असतो, त्याच्यावर जाऊन आपण आदळतो.

फाल्गुनात मी गाडी घेऊन जुन्या नाशकातल्या एका रंगारी चाचांकडे गेलो. चाळीस वर्षे त्यांनी गाड्या रंगवल्या आहेत. मी म्हटले, "चाचा, बॉनेट पुन्हा रंगवून द्या. असे करा की घरातल्या माणसाला काही दिसताच कामा नये." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोटाचे नख एकेका टवक्यावरून फिरवले. एकेक ठिकाणी नख थांबत होते, एकेक ठिकाणी सरकून जात होते. मग म्हणाले, "बॉनेटला हात लावायचा नाही साहेब. कंपनीने भट्टीत भाजलेला रंग आहे. तसा मला इथे पुन्हा करता येणार नाही. चार ठिपक्यांसाठी सगळा चांगला रंग घासायचा? ज्याला दुखलंय त्यालाच औषध द्यायचं."

नख फिरवणारे ते बोट पाहून मला गोरोबाकाकांचे थापटणे आठवले. तेरला संतांचा मेळा जमला आणि मुक्ताईने विचारले, काका, हे काय हो? काका म्हणाले, याने मडके कच्चे की भाजलेले ते कळते. मग त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले, ही कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली असेल! परीक्षा घेणारा हात मारायला आलेला नसतो. कुठे कच्चे आहे ते शोधायला आलेला असतो.

चाचांनी माझ्या गाडीचे टवके तीन प्रकारांत वाटले. आपल्याही गाडीला ते लागू पडतील, म्हणून सांगतो.

पहिला प्रकार बंपरवरचा. तो प्लास्टिकचा असतो. रंग उडाला तरी तो गंजत नाही. दिसायला बरे नाही एवढेच. त्यासाठी झोप घालवायची नाही.

दुसरा प्रकार वरवरचा. फक्त लॅकर किंवा रंग गेला आहे, खालचा प्रायमर शाबूत आहे. नख फिरवले की किंचित अडते आणि पुढे जाते. याला सवडीने रंगाचा ठिपका दिला की पुरते. नाही दिला तरी लगेच काही बिघडत नाही.

तिसरा प्रकार खोल. रंग, प्रायमर सगळे उडून पत्रा उघडा पडला आहे. भिंग घेऊन पाहिले तर तळाशी धातूची चमक दिसते, किंवा चमक जाऊन तांबूस डाग दिसतो. हा मात्र मृगाच्या आत बरा केलाच पाहिजे. हवा आणि पाणी मिळाले की लोखंड गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो फुगतो, शेजारचा चांगला रंग आतून उचलतो. वरून फोड दिसतो तोपर्यंत खाली बरेच पसरलेले असते. माझ्या गाडीवर असे दोनच होते, एक बॉनेटच्या कडेला आणि एक दाराखालच्या पट्टीवर. दाराखालचा तर मी जवळजवळ विसरलो होतो, कारण तो कोणाला दिसत नव्हता. चाचा म्हणाले, "जो दिसत नाही तोच गाडी खातो."

मग त्यांनी काम कसे केले ते सांगतो. गाडी सावलीत घेतली, उन्हाने तापलेल्या पत्र्यावर रंग लावत नाहीत. जागा धुतली, कोरडी केली, स्पिरिटच्या फडक्याने पॉलिशचा तेलकटपणा काढला. टवक्याच्या कडेची सुटत आलेली पापडी सुईने अलगद उचलली. दाराखालच्या टवक्यात तांबूस डाग होता, तो बारीक पॉलिश पेपरच्या टोकाने घासून पत्रा चकचकीत दिसेपर्यंत काढला. इथे त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ घालवला. मी म्हटले, "चाचा, रंगाखाली झाकून जाईल की." ते मान वर न करता म्हणाले, "गंजावर रंग मारला तर तो रंग नाही, चादर आहे. खाली मुडदा तसाच."

त्यानंतर प्रायमरचा ठिपका. तो वाळल्यावर गाडीच्या पट्टीवर लिहिलेल्या क्रमांकाचा रंग, काडीच्या टोकाने, अगदी थोडा. मग थांबणे. मग दुसरा ठिपका. पुन्हा थांबणे. एकदम जाड थेंब टाकला तर वरून वाळतो, आत ओला राहतो, आणि पुढे सुरकुततो किंवा सुटून येतो. पातळ, पण चार वेळा. शेवटी लॅकर. काही दिवस तसेच ठेवून मग २००० नंबरच्या पेपरने पाण्यात हलकेच घासून सपाट करायचे आणि पॉलिश. सगळा माल एका मुठीत मावेल एवढा. लागला तो वेळ.

"दिसणार नाही ना?" मी विचारले. "चार हातांवरून नाही दिसणार," ते म्हणाले. "नाक लावून पाहिलं तर दिसेल. दिसू द्या. पाणी आत जाणार नाही, हे माझं काम."

घरी येऊन मी हे सगळे सौ.ला सांगत होतो. चादर आणि मुडद्याची गोष्ट आली तेव्हा ती भाजी निवडता निवडता थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एक सांगू? मी गाडीत बसत नाही ते रंगासाठी नाही."

आणि तिने सांगितले. दसऱ्यानंतर दिंडीतल्या बायकांचे भजन होते. गाडीतून उतरताना तिला पाहून एक जुनी सोबतीण सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आल्या बाई एसीतल्या वारकरीण." सगळ्या हसल्या. हीही हसली. घरी येऊन मला सांगितले तेही हसतच, "आज माझी चेष्टा केली बरं का." मी विसरून गेलो. ती विसरली नव्हती. चौदा वर्षे पायांना फोड येऊन जी चालली, पावसात शाळेच्या ओट्यावर झोपली, तिला ते एक वाक्य थेट पत्र्यापर्यंत लागले होते. वर हसण्याचा रंग होता. खाली तीन-चार महिने ओल धरत होती. आधी तिने भजनाला जाणे कमी केले, मग गाडीत बसणे, आणि आता हरिपाठही एकटीच करू लागली होती. बॉनेटवरचे ठिपके हे नुसते निमित्त झाले.

माउली, आपल्याकडे असे किती टवके आहेत ते जरा नख फिरवून पाहा. रोजचे बोलणे, टोमणे, कोणी मान दिला नाही, कोणी पंगतीत आधी वाढले नाही, यातले पुष्कळ बंपरवरचे असतात. दिसायला वाईट, पण गंजत नाहीत. ते सोडून द्यावेत. काही वरवरचे असतात, ते सवडीने, एखाद्या गोड शब्दाने भरून निघतात. पण एखाददुसरा खोल जातो. तो नेमका खालच्या पट्टीवर असतो, जिथे कोणाची नजर जात नाही. त्यावर आपण घाईघाईने चादर ओढतो. "मला काही वाटलं नाही," "मी तर केव्हाच माफ केलं," "वारकऱ्याला कुठला आला राग?" वाक्ये चांगली आहेत, पण आधी जागा साफ झाली असेल तरच. गंजावर मारलेली क्षमा टिकत नाही.

मग साफ करायचे कसे? आपल्या संतांनी दोन वाटा दाखवल्या आहेत.

एक नाथ महाराजांची. आपल्या नाशकातून वाहत गेलेली गोदामाई पैठणला पोचते. तिथे नाथ स्नान करून येत आणि एक जण त्यांच्या अंगावर थुंकत असे. नाथ परत फिरत, पुन्हा स्नान करीत. कितीदा तरी हे घडले, पण त्यांचा राग उठला नाही. आपण कथेतली शांती पाहतो. मला आता त्यातली तत्परता दिसते. त्यांनी ती घाण अंगावर वाळू दिली नाही. लागली की धुतली, पुन्हा लागली की पुन्हा धुतली. रात्रीवर ठेवले नाही, महिन्यावर तर नाहीच. रोजचा हरिपाठ, रोजचे नामस्मरण म्हणजे दुसरे काय आहे? रोजचे धुणे आहे.

दुसरी वाट नामदेवरायांची. गोरोबाकाकांचे थापटणे डोक्यावर बसले तेव्हा बाकीचे संत शांत राहिले, नामदेवांना मात्र ते लागले. काकांनी सांगितले, हे मडके कच्चे. केवढा अपमान! प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणारा भक्त, आणि भर सभेत कच्चा ठरला. ते देवाकडे गेले, मनातले दुखणे जसेच्या तसे त्याच्यापुढे मांडले. लपवले नाही. आणि त्याच दुखण्याने त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांच्या पायांशी नेले. जिथे टवका उडाला तिथूनच गुरुकृपा आत गेली. लागलेले दुखणे हा कमीपणा असता, तर आपल्या परंपरेने ही कथा इतक्या प्रेमाने सातशे वर्षे जपली नसती.

आमच्या सौ.ने ही दुसरी वाट धरली. चैत्रातल्या एकादशीला तिने त्या सोबतिणीला घरी फराळाला बोलावले. मी बाहेरच्या खोलीत होतो. साबुदाण्याची खिचडी झाली, इकडचे तिकडचे बोलणे झाले, आणि मग सौ. शांतपणे म्हणाली, "अक्का, त्या दिवशी तू मला एसीतली वारकरीण म्हणालीस. ते मला फार लागलं. पाय चालत नाहीत म्हणून बसते गं मी गाडीत." आवाज चढला नाही, रडणे नाही.

अक्कांचे उत्तर ऐकून मी थक्क झालो. त्या म्हणाल्या, "मी असं म्हणाले? मला तर आठवतही नाही गं."

त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांना खरेच आठवत नव्हते. डंपर पुढे निघून जातो, त्याला खडा उडाल्याचे कळत नाही. आपण मात्र वर्षभर त्याच्या नंबराची पाटी आठवत बसतो, की एक दिवस तो परत येईल आणि चुकलो म्हणेल. माउली, तो येत नाही. आला तरी त्याच्या माफीने पत्र्यावरचा गंज निघत नाही. टवका ज्याच्या अंगावर, साफसफाई त्यालाच करावी लागते. यात अन्याय वाटेल, पण एक मोकळेपणही आहे. आपले बरे होणे दुसऱ्याच्या आठवणीवर टांगलेले राहत नाही.

अक्का गप्प बसल्या. मग त्यांनी सौ.चे गुडघे हातांनी दाबून पाहिले, आपल्याकडे वारीत मुक्कामाला एकमेकींचे पाय दाबतात तसे. त्या दिवशी तेवढेच झाले. लगेच गळाभेट नाही, सगळे विसरले असेही नाही. पहिला ठिपका लागला, तो वाळू द्यायचा होता. पुढच्या एकादशीला दोघींनी मिळून हरिपाठ म्हटला, तो दुसरा. वैशाखात त्या म्हणाल्या, "पालखी सातपूरला येईल त्या दिवशी मला घरून घेऊन जाशील का?" तो तिसरा. पातळ, पण पुन्हा पुन्हा. नाक लावून पाहिले तर जागा अजून दिसते. दिसू दे. पाणी आत जात नाही.

आता थोडे व्यवहाराचे. खड्यांपासून गाडी वाचवायची तर समोरच्या वाहनापासून अंतर हाच पहिला उपाय. एक युक्ती सांगतो. समोरचे वाहन विजेच्या एखाद्या खांबाजवळून गेले की मनात सावकाश दोनदा "रामकृष्णहरी" म्हणा. दोन्ही वेळा म्हणून होण्याआधी आपण त्या खांबाशी पोचलो, तर फार जवळ आहोत असे समजा. खडीच्या डंपरमागे असाल तर चारदा म्हणा. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर धावते, त्यामुळे ही दोन-चार नावे मधे बरीच जागा करून देतात. बोलण्यातही तसेच आहे. समोरचा तापून धावत असेल तेव्हा त्याच्या मागे चिकटून जाऊ नये, दोनदा नाव घ्यावे आणि अंतर वाढू द्यावे.

बॉनेटच्या पुढच्या कडेला पारदर्शक संरक्षक फिल्म लावून घेता येते, ती बारीक खडे झेलते. सिरॅमिक कोटिंगने चकाकी राहते, धूळ लवकर निघते, पण दगडाचा मार त्याने थांबत नाही, तेव्हा त्या आशेने पैसे घालू नयेत. चार ठिपक्यांसाठी विम्याचा दावा करण्याआधीही हिशोब करावा. दावा न केल्यास नूतनीकरणाच्या वेळी जी सूट मिळते ती पहिल्या वर्षी २० टक्के असते आणि सलग पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका लहान दाव्याने ती हातची जाऊ शकते. आणि महिन्यातून एकदा गाडी स्वच्छ धुऊन, उजेडात, खाली वाकून दाराखालच्या पट्ट्या आणि चाकांवरच्या कमानी पाहाव्यात. चिखल तिथे बसतो आणि ओल धरून ठेवतो.

एक उपाय मात्र शंभर टक्के आहे. गाडी झाकून शेडमध्ये ठेवावी. तिला कधी टवका उडणार नाही. ती कोणाला पंढरीलाही नेणार नाही. देहाचेही तेच, मनाचेही तेच. संतांच्या संगतीला निघाले की रस्ता आला, रस्ता आला की धूळ आणि खडे आले. दिंडीत चालणाऱ्याच्या वहाणेला खडा टोचतो, घरात बसलेल्याच्या नाही. ज्यांना पाय आहेत त्यांनी पायांनी जावे, ज्यांचे पाय थकले त्यांनी चाकांनी जावे, आणि ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी दारात उभे राहून पालखीला हात जोडावेत. पांडुरंग कोण कशाने आले हे विचारत नाही. तो अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे तो मोजमाप घेण्यासाठी नव्हे.

येत्या ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी सातपूरला येईल तेव्हा आमच्या गाडीत मागच्या सीटवर दोन म्हाताऱ्या असतील. पळशाला जाऊ, सिन्नरला जाऊ, गुडघे म्हणतील तिथपर्यंत जाऊ. रस्त्याचे काम अजून चालूच आहे. खडी अंथरलेली आहे. चाचांनी रंगाची लहान बाटली आणि चार काड्या कागदात बांधून दिल्या आहेत, त्या डिकीत ठेवल्या आहेत.

आपलीही गाडी बाहेर काढा, माउली. निघताना मागे कोणाला जागा आहे का तेवढे पाहा.

रामकृष्णहरी!